हजेरीबुकातलं वय

टाक शाईत बुडवा. हजेरीबुकात आजपासून एक नवा रकाना आहे, ‘वय’. तो तुम्हाला भरायचाय.

साल १८८१, जागा परळ. गिरणीच्या फाटकाआत मेजामागे तुम्ही बसलाय, पागोट्याखाली घाम. अजून पुरतं उजाडलेलं नाही. विजेचे दिवे यायला अवकाश आहे, म्हणून गिरणी सूर्यावर चालते: थंडीत दिवस लवकर आटपतो, उन्हाळ्यात तेरा तासांवर लांबतो. कालपरवापर्यंत बापाला आणि पोराला हाच हिशेब होता.

समोर जॉबर एका बाईला घेऊन उभा आहे. माणसं आणणं, ठेवणं, काढणं त्याच्या हाती. शेठ या बाईला ओळखत नाही, ओळखणारही नाही. तिच्या पदराला धरून एक पोरगा. दस्तुरी आधीच पोचली असावी, जॉबरला घाई आहे.

“वय?”

“सात सरली, रावसाहेब.”

“जन्म कधीचा?”

“आता ते कुठं लिवून ठेवलंय? मोठ्या दुष्काळात गाव सोडलं, तवा अंगावर पीत होता.”

दुष्काळ १८७६ चा. तुम्ही बोटं मोजता. ओढूनताणून सहा. नवा कायदा सांगतो, सातच्या आतलं मूल घ्यायचं नाही. सात ते बाराच्या मुलांना नऊ तास काम, एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. पोरगा तुमच्याकडे नाही, टाकाच्या टोकाकडे बघतोय. पुढचे दोन दुधाचे दात पडलेत. जॉबर खाकरतो.

तुम्ही ‘७’ लिहिता. शाई वाळायच्या आत तो खात्यात गेलेला असतो.

जा त्याच्या मागून. दार लोटलं की आवाज छातीवर आदळतो, आणि दोन श्वासांत घशात कापसाचा तूस. चात्यांच्या रांगेशी पोरं वाकलेली: भरलेली बाबीण उपसायची, रिकामी बसवायची, पुढे सरकायचं. बुटकी उंची, बारीक बोटं, म्हणून हे काम पोरांचंच, असं खात्यात जो तो सांगतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पगाराच्या आकड्यात आहे, आणि ती वही तुमच्या काखेत.

शेठलोकांची बाजू तुम्ही वरच्या मजल्यावर रोज ऐकता. १८७५ साली सरकारने आयोग नेमला, त्यात गिरणीमालकही बसले, आणि बहुमताने ठरलं की कायद्याची गरज नाही. हे सगळं विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचं कारस्थान आहे, मुंबईचं सूत त्यांना खुपतंय, असं ते म्हणतात. खुपत होतंच. लँकेशायरला परळच्या पोरांची माया आली होती असं मानायला मीही तयार नाही. पण दुसऱ्याचा हेतू खोटा निघाला म्हणून आपला पोरगा सात वर्षांचा होत नाही. आणि सगळा दोष साहेबावर टाकायची सोयही राहिली नव्हती, कारण १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा लिहिणारे सोराबजी शापुरजी बंगाली याच शहरातले, शेठलोकांत ऊठबस असलेले पारशी गृहस्थ. मुंबई सरकारने दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी तो विलायतेतल्या लोकांसमोर नेला. शेटियांच्या दिवाणखान्यात त्यानंतर त्यांचं स्वागत कसं होत असेल, याची कल्पना करून बघा.

आता हजेरीबुकाची पानं भराभर उलटा. १८८४: नारायण मेघाजी लोखंडे कामगारांच्या सभा घेताहेत, रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. १८९०: मालकांचा संघ आठवड्याची सुट्टी कबूल करतो. १८९१: वयाची अट नऊवर, मुलांचे तास सातवर. रकाना तोच आहे, तुम्ही आता ‘९’ लिहायला शिकलात, आणि आयांनाही कुठला आकडा सांगायचा ते पाठ झालंय.

१९२२ च्या पानावर मात्र थांबा. वयाची अट बारा, पंधरा वर्षांपर्यंत कामाचे तास सहा. आता गिरणी पोराच्या दिवसापेक्षा कितीतरी लांब चालते. म्हणजे एका जागेला पोरांच्या दोन तुकड्या, दोन हजेऱ्या, वयाचे दाखले, वर इन्स्पेक्टरची धास्ती. मॅनेजर तुमची वही ओढून बेरीज करतो, पुन्हा करतो.

“पोरं नकोत. परवडत नाहीत.”

झालं. पन्नास वर्षं ज्यांच्यावाचून गिरणी बंद पडणार होती, ती पोरं पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतून जवळपास दिसेनाशी झाली. चात्या फिरत राहिल्या. १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे गिरणगावातच, प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. ते आधी झालं असतं तर, हा विचार तुमच्या मनात येतो आणि तुम्ही पान उलटता.

शेवटच्या पानावर आजची तारीख आहे. मेज काचेचं, समोर लॅपटॉप, एसी जरा जास्तच थंड. तुमच्या कंपनीत चौदाच्या आतलं कुणी नाही; प्रत्येकाचं आधार कार्ड फाइलला आहे. पडद्यावर जरीकामाच्या ऑर्डरचा दर उघडलाय, सही तुमची हवी. एका कुर्तीला जेवढे तास लागतात तेवढ्यांनी तो दर भागून बघा. बघितलात? या पैशात मोठा माणूस सुई हातात धरणार नाही.

तुम्ही ठेकेदाराला फोन लावता.

“शिवतं कोण हे?”

“घरोघरी देतो साहेब. घरातलीच माणसं बसतात.”

घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मुलाने मदत केली तर चालतं, अशी सूट २०१६ च्या दुरुस्तीत आहे. ठेकेदाराला ती तोंडपाठ.

“घरातली म्हणजे किती वयाची?”

पलीकडून कुणीतरी खाकरतं. खरेदीच्या या फॉर्मवर वयाचा रकानाच नाही. दराचा आहे, आणि तो अजून तुमच्या हातात आहे.