अचलपूरचे स्थानक : एका अरुंद वाटेच्या खुणा

इतिहास म्हटला की किल्ले, राजवाडे आणि मंदिरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. रेल्वे स्थानकाला तो मान सहसा मिळत नाही. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत वऱ्हाडातील गावांचे भाग्य ज्या वास्तूंनी घडविले किंवा बिघडविले, त्यांत स्थानकांचा क्रमांक फार वरचा आहे. अचलपूरचे नॅरोगेज स्थानक हे त्याचे बोलके उदाहरण होय.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि त्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही गावे थेट लोहमार्गावर आली. कापसाच्या पेठा म्हणून खामगावला 1870 मध्ये आणि अमरावतीला 1871 मध्ये जोडमार्ग लाभले. परंतु 1490 ते 1574 या काळात इमादशाहीची राजधानी असलेले अचलपूर मात्र बाजूला पडले. 1905 साली त्याचा स्वतंत्र जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. सत्ता गेली, कचेऱ्या गेल्या. उरला तो कापूस.

त्या कापसासाठीच किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीने पुढाकार घेतला. 1910 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने त्याच दशकात मूर्तिजापूरहून दोन शाखा काढल्या. एक कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत, सुमारे 113 किलोमीटर. दुसरी बनोसा, अंजनगाव, पथ्रोट मार्गे अचलपूरपर्यंत, सुमारे 76 किलोमीटर. रुळांतील अंतर अवघे 762 मिलिमीटर. मुख्य मार्गावर ते 1676 मिलिमीटर. त्यामुळे रुईची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई. कमी खर्चात बांधलेल्या मार्गाचे हे व्यंग अखेरपर्यंत राहिले.

लोकांनी या गाडीचे नाव ‘शकुंतला’ ठेवले. 1921 साली मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने ती अनेक दशके ओढली. 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. वेग बेताचाच. पुढे पुढे तर लहान स्थानकांवर कर्मचारीच उरले नाहीत आणि तिकिटे देण्याचे कामही गार्डच करू लागला. तरीही शेतमजूर, भाजी विकणाऱ्या बाया आणि तालुक्याला शिकावयास जाणारी मुले यांना परवडणारे वाहन हेच होते. एस.टी. जलद होती, पण तिचे भाडे प्रत्येकाच्या खिशाला झेपत नव्हते.

मग ही गाडी संपली कशी? केवळ रस्ते सुधारले म्हणून, असे म्हणणे अपुरे ठरेल. 1951 मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि या मार्गावरील गाड्या ती चालवू लागली. मार्गाची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. ज्याचे रूळ, त्याची गाडी नाही. ज्याची गाडी, त्याचे रूळ नाहीत. दुसऱ्याच्या मालमत्तेवर मोठा खर्च कोणी करावा? दोन घरचा पाहुणा उपाशी, या म्हणीचा प्रत्यय शकुंतलेला आला. रूळ झिजले, पूल दुबळे झाले, वेग आणखी घटला. 2020 पर्यंत दोन्ही शाखांवरील प्रवासी वाहतूक थांबलेली होती.

स्थानक नाहीसे होते ते भिंती पडल्यामुळे नव्हे, तर प्रवासी येईनासे झाल्यामुळे. मात्र खुणा सहजासहजी पुसल्या जात नाहीत. अशा मार्गाच्या परिसरात डोळसपणे हिंडणाऱ्याला त्या सापडतात : शेतांमधून विनाकारण उंच वाटणारा मातीचा बांध, पाणी नसलेल्या ओढ्यावरील मोरी, लोहमार्गाकडे दार असलेली जिन-प्रेसची आवारे, आणि गाडी नसतानाही बोलण्यात टिकून राहिलेले ‘स्टेशन’ हे नाव. गाव कोणत्या दिशेने वाढले आणि बाजार कोठे बसला, याचे उत्तर अनेकदा या खुणांतच दडलेले असते.

हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा, अशी या भागाची मागणी आहे आणि ती न्याय्यच आहे. परंतु नवे रूळ पडले, तर जुन्या खुणा उरणार नाहीत. न पडले, तर त्या गवतात बुडतील. कालिदासाच्या नाटकातील शकुंतलेची ओळख राजाला पटली ती अंगठीमुळे. आपल्या शकुंतलेची अंगठी म्हणजे घरोघरी पेटीत पडलेली तिकिटे आणि छायाचित्रे, तसेच त्या गाडीने ये-जा केलेल्या वृद्धांच्या आठवणी. कंपनीच्या हिशेबात कापसाच्या गाठींची नोंद झाली असेल. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईची नोंद कोणी केली नाही. ती वृद्ध मंडळी आपल्यात आहेत तोवरच ती करता येईल.