ब्रॅकेट घड्याळ

ब्रॅकेट घड्याळ : कमानीच्या बळावर चालणारे, आखूड लंबकाचे, लाकडी पेटीतले टोल्यांचे इंग्लिश घड्याळ. त्याची घडण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ते मेजावर किंवा भिंतीला ठोकलेल्या घोडीवर ठेवत. पेटीच्या माथ्यावर उचलण्यासाठी कडी असे, कारण घरात एकच चांगले घड्याळ असले की दिवसा ते दिवाणखान्यात आणि रात्री शयनगृहात नेत. अंधारात वेळ कळावी म्हणून पुष्कळ घड्याळांना बाजूने एक दोरी असे. ती ओढली की घड्याळ मागचा तास, आणि काहींत पाव तासही, टोल्यांनी पुन्हा सांगते. काडेपेटी नसलेल्या काळात ही मोठी सोय होती.

ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. दोन वर्षांतच, १६५८ मध्ये, लंडनच्या आहासुएरस फ्रोमँटील यांनी अशा घड्याळांची जाहिरात दिली. उंच उभ्या घड्याळात वजने खाली उतरत जातात आणि चक्रे फिरतात. फिरत्या घड्याळाला वजने सोयीची नव्हती, म्हणून पितळी डबीत गुंडाळलेली पोलादी कमान वापरली गेली. पण कमान चावी दिल्याबरोबर जोरात ओढते आणि सुटत गेली की मंदावते. हा फरक भरून काढण्यासाठी फ्यूजी ही शंकूसारखी, सर्पिल खाचेची चक्री बसवत. डबी आणि फ्यूजी यांना तात जोडलेली असे, पुढे तिच्या जागी बारीक साखळीही आली. पूर्ण चावी दिलेली असताना तात शंकूच्या अरुंद टोकावर असते, कमान ढिली होत जाईल तशी रुंद बाजूकडे सरकते. त्यामुळे चक्रांना मिळणारा जोर जवळजवळ सारखा राहतो. घड्याळ उघडल्यावर पाहण्यासारखा भाग हाच. या साखळ्यांच्या सुईएवढ्या कड्या जोडण्याचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च गावात मुख्यतः स्त्रिया आणि मुली करीत.

चक्रांची गती अडवून सोडणारी यंत्रणा म्हणजे एस्केपमेंट. उंच घड्याळांत १६७० च्या सुमारास अचूक अशी अँकर एस्केपमेंट आली, तरी ब्रॅकेट घड्याळांत जुनी व्हर्ज एस्केपमेंट अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकली. व्हर्ज वेळेला कच्ची खरी, पण घड्याळ थोडे तिरपे ठेवले तरी ती चालत राहते. पुढे अनेक घड्याळांतील व्हर्ज काढून अँकर बसवण्यात आली. त्यामुळे मूळ व्हर्ज शाबूत असलेल्या घड्याळाला संग्राहक अधिक मान देतात, आणि ते रास्तच आहे.

कारागिरांत पहिले नाव टॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) यांचे. त्यांनी आपल्या घड्याळांना अनुक्रमांक दिले. तिसऱ्या विल्यम राजासाठी त्यांनी केलेले, एकदा चावी दिली की वर्षभर चालणारे घड्याळ ‘मॉस्टिन टॉम्पियन’ या नावाने ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांचे भागीदार जॉर्ज ग्रॅहम १७५१ मध्ये वारले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत टॉम्पियन यांच्याच कबरीत त्यांना पुरले गेले. जोसेफ निब आणि डॅनियल क्वेअर हे टॉम्पियन यांच्याच पिढीतले.

तबकडीवरचे नाव मात्र नेहमीच कर्त्याचे नसते. लंडनच्या क्लार्कनवेल भागात चक्रे, कमानी, तबकड्या, पेट्या असे प्रत्येक काम वेगळ्या हातांत होते. एन्सवर्थ थ्वेट्स आणि त्यांच्या वारसांचा कारखाना तयार यंत्रे इतरांना पुरवी, आणि तबकडीवर नाव विकणाऱ्या दुकानदाराचे येई. म्हणून पारखताना तबकडीआधी यंत्राची मागची पट्टी पाहावी. जुन्या घड्याळांत तिच्यावर हाताने कोरलेली वेलबुट्टी असते, आणि पेटीच्या मागच्या काचेतून ती दिसावी अशीच ती केलेली असते. पेट्या आधी आबनुसाच्या पातळ पापुद्र्याने मढवलेल्या, नंतर मॅहॉगनीच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील विंटरहाल्डर उंट होफमायर यांची यंत्रेही इंग्लिश दुकानांतून विकली जात.

हिंदुस्थानात अशी घड्याळे राजेरजवाड्यांकडे आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे आली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील कुक अँड केल्वी यांचे घड्याळ सर्वांत प्रसिद्ध आहे. भाग इंग्लंडचे, जोडणी कोलकात्याची. त्यात दर तासाला एक बाहुला दार उघडून बाहेर येतो आणि टोले देतो. मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचे आहे, पण ते मनोऱ्याचे, या वर्गातले नव्हे. नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या पेठांत टोल्यांची घड्याळे बहुधा भिंतीवरची, जर्मन किंवा अमेरिकन बनावटीची.

लंडनमध्ये वेळ जुळवलेले ब्रॅकेट घड्याळ इतवारीत आणून ठेवले तर ते मागे पडते, आणि त्यात घड्याळाचा दोष नसतो. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण थोडे कमी होते, लंबक संथ होतो. झां रिशे यांना हे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे प्रथम आढळले. लंडन व नागपूर यांच्यातील फरकाने दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे जातात. २५ सेंटिमीटरचा लंबक पाऊण मिलिमीटरहून किंचित कमी एवढा आखूड केला, म्हणजे गोळ्याखालची चक्री फिरवून गोळा तेवढा वर घेतला, की ही तूट भरून निघते. त्यात उष्म्याची भर पडते. पोलादी दांडीचा लंबक तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो. जानेवारीच्या थंडीत जुळवलेले घड्याळ मेच्या पंचेचाळीस अंशांत दिवसाला सहज दहा-पंधरा सेकंद गमावते. तेल वाळते, सांधे सुटतात, मढवलेला आबनूस कडेने उचलला जातो. म्हणून अशा घड्याळाला उन्हापासून दूर, भक्कम भिंतीलगत सपाट जागा द्यावी आणि हलवताना आधी लंबक बांधून घ्यावा.