आपल्या पायातली वहाण

नवी वहाण घेताना आपण चांभारदादाला दोनच प्रश्न विचारतो. टिकेल ना? आणि चावणार तर नाही ना? हे दोन प्रश्न खेडूताचेच आहेत असे मात्र समजू नका. गोल्फ नावाचा साहेबी खेळ आपल्या देशात 1829 साली कलकत्त्यास सुरू झाला. हा खेळणारा गडी हिरवळीवरून दोन-तीन कोस चालतो. ओल्या गवतावर पाय घसरू नये म्हणून स्कॉटलंडातले खेळाडू एकोणिसाव्या शतकात आपल्या साध्या बुटांच्या तळाला खिळे ठोकून घेत. पुढे त्या खिळ्यांनी हिरवळ फाटू लागली, म्हणून 1990 नंतरच्या दशकात लोखंडाच्या जागी प्लॅस्टिकचे मऊ खिळे आले. म्हणजे बूट घसरू नये, पायाला सुख द्यावे आणि पुष्कळ दिवस टिकावा, एवढ्यासाठी दीडशे वर्षे खटपट चालली होती. आपल्या धाराशिवच्या मुलखात हीच खटपट त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती खेळापायी झालेली नाही. ती झाली पोटापायी आणि देवापायी.

आपला मुलूख हा चालणाऱ्यांचा मुलूख. तेरणाकाठचे तेर पाहा. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. तो सांगतो की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे, आणि तिथले कापड गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून, थेट भडोचच्या बंदराला जाते. आता विचार करा, गाडीत माल बसला, पण माणसे? गाडीबरोबर चालणाऱ्यांच्या पायांनीच तो व्यापार उभा केला. त्यांच्या पायांत काय होते, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. गुरुजींनी मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेले, तर हा प्रश्न त्यांच्यापुढे जरूर ठेवावा.

पुढे त्याच तेरचे गोरोबाकाका पंढरीच्या वाटेने चालले. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंत, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, हजारो माणसे आजही आई भवानीला पायी जातात आणि त्यांतली पुष्कळ अनवाणी जातात. वहाण टाकून देण्याला आपण व्रत म्हणतो. ज्याच्यावाचून पायाचे हाल होतात, तेच सोडण्यात व्रत असते, नाही का?

आता ही वहाण होते कशी ते ऐका. आधी कच्चे कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरचे केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा करायचा. पुष्कळ ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवत, तिच्यात हा काढा भरत आणि ती टांगून ठेवीत. काढा थेंबाथेंबाने कातड्यात मुरायचा. या कामाला एक-दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे लागतात. असे कमावलेले चामडे घाम शोषते आणि हळूहळू पायाचा आकार घेते. नवी वहाण म्हणूनच चावते आणि जुनी सुखाची लागते. तळाला म्हशीचे जाड चामडे, एकावर एक थर देऊन, ठोकून ठोकून घट्ट केलेले. रापीने कापायचे, आरीने टोचायचे आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळा गंजतो आणि भोवतीचे चामडे फाडतो. वादी तुटली तर तेवढीच बदलता येते. टिकाऊपणाचे मर्म हे असे आहे.

अर्थात या वहाणेलाही शत्रू आहे, आणि तो म्हणजे पाणी. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल असा काही चिकटतो की वहाण पायापेक्षा जड होते. मग शेतकरी ती हातात घेतो आणि अनवाणी चालतो. भिजलेली वहाण चुलीपाशी वाळवू नका. ती कडक होऊन तडकते. सावलीत वाळवून तेलाचे बोट फिरवा, म्हणजे वर्ष निभेल.

पण श्रोतेहो, ही वहाण टिकाऊ करणाऱ्याचे काय झाले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. गावगाड्यात कातडे कमावणारा ढोर आणि वहाणा शिवणारा चांभार. शेतकऱ्याच्या घरच्या वहाणा, विहिरीची मोट, आसुडाची वादी, सगळे त्यांच्या हातचे. मोबदला म्हणजे सुगीतले बलुते. त्यांच्या हातच्या वहाणेवाचून गावाचे पाऊल हलत नव्हते, आणि ते हात मात्र गावाला चालत नव्हते. दख्खनेतल्या पुष्कळ गावांत अस्पृश्य माणसाने थोरामोठ्यांच्या दारावरून जाताना पायातले काढून हातात घ्यावे, असा दंडक होता. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. ती कुणाला उद्देशून बोलली जाई, हे जरा आठवून पाहावे.

या मुलखाच्या शेजारीच या गोष्टीला एकदा धक्का बसला होता. उमरग्याच्या पूर्वेला, सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवेश्वरांच्या शरणांत हरळय्या नावाचे एक चर्मकार होते. कथा अशी सांगतात की बसवण्णांनी त्यांना उलट नमस्कार केला. हे ऋण फेडावे कसे? म्हणून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्याच मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून आणल्या. बसवण्णांनी त्या पायात न घालता मस्तकी लावल्या. आपण म्हणतो ना, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत’? ती भावना तिथे कथा होऊन उभी आहे. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचा विवाह झाला, आणि त्यापायी बिज्जळ राजाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. 1167 च्या सुमारास बिज्जळाचाही अंत झाला. वहाण मस्तकी लावणे सोपे होते, श्रोतेहो. करणाऱ्याला सोयरा मानणे राज्यालाही पेलले नाही.

मधे शतके गेली. 1941 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेला आले. 1948 मध्ये मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, 1950 च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरवला. दारावरून वहाण घालून जाण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पण त्याच काळात धंद्याचे पाय मात्र लटपटू लागले. विहिरीवर इंजिन आले आणि मोट गेली. कारखान्याचा बूट आला, रबरी चप्पल आली, जुन्या टायरच्या चपलाही आल्या. टायरची चप्पल झिजता झिजत नाही, पण ती घाम शोषत नाही आणि उन्हात तापते. टिकाऊपणा मिळाला, सुख गेले.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. आपला शेजारी सोलापूर त्यात आहे, धाराशिव नाही. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मांडल्या. इथे ओरड झाली, तेव्हा त्या भारतीय कारागिरीवरून सुचल्याचे कंपनीने मान्य केले. जगाने नाव घेतले, हे चांगलेच झाले. पण आपल्या तालुक्याच्या बाजारात, छत्रीखाली आरी घेऊन बसलेल्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

गुरुजींना एक विनंती आहे. मुलांना घेऊन एकदा त्या माणसाकडे जा. रापी कोणती, आरी कोणती, हिरडा कशाला, हे त्याच्याच तोंडून त्यांना ऐकवा. जाताना त्याला ‘अहो’ म्हणा आणि त्याच्या शेजारी बसा. उठताना एखादी तुटलेली वहाण दुरुस्तीला द्या, आणि तो सांगेल ते दाम घासाघीस न करता द्या.