पद्मिनीच्या टाकीतली रिंग

मंडळी, हा वीकेंड कोड नाही, पेट्रोल हुंगण्यात गेला!

मित्राच्या बाबांची, म्हणजे आमच्या काकांची, १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. महिन्यातून दोनदा तीन-चार किलोमीटर फिरते, बाकी वेळ सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये. गेल्या महिन्यापासून तिथे पेट्रोलचा वास यायला लागला. सोसायटीने सरळ सांगितलं: दुरुस्त करा, नाहीतर भंगारात काढा. चूक त्यांची नव्हती. बंद जागेत साठलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

काका मात्र निवांत. त्यांनी कपाटातून एक जुनं पाकीट काढलं. टाकीची वॉशर, रबर रिंग, होज, सगळं ओरिजिनल, गाडी घेतली तेव्हाच जपून ठेवलेलं. आमच्या मेकॅनिक चाचांनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "साहेब, हे आठवण म्हणून ठेवा. गाडीत नको."

काकांना ते लागलं. मलाही पटेना. ओरिजिनल पार्ट चुकीचा कसा असेल? म्हणून घरी येऊन वाचत बसलो, तर हाताला भलताच इतिहास लागला.

साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. त्यामुळे पूर्वी पेट्रोलच्या जोडांना कॉर्कची नाहीतर फायबरची गॅस्केट वापरायचे. १९३०च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं, जे पेट्रोल आणि तेल बऱ्यापैकी सहन करतं. त्याच काळात, १९३३ साली, नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या मूळच्या डॅनिश माणसाने अमेरिकेत ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९३७ मध्ये मिळालं. तेव्हा गृहस्थ सत्तरी ओलांडलेले! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने ती रिंग इतकी महत्त्वाची मानली की हक्क घेऊन सगळ्या उत्पादकांना वाटले. विमानांत, ट्रकमध्ये, सगळीकडे तो गोल रबरी तुकडा जाऊन बसला.

आता आपल्याकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्यात. १९५०च्या दशकात फियाटच्या परवान्याने ११०० इथे बनू लागली आणि पुढे १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. काकांच्या गाडीचं सगळं डिझाइन त्या काळच्या पेट्रोलसाठी होतं, म्हणजे शिसं घातलेल्या. फेब्रुवारी २००० मध्ये देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्यानंतर हळूहळू इथेनॉल आलं. २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण गाठलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल पंपांवर यायला लागलं.

गंमत इथेच आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला साचून पत्र्याला गंज चढवू शकतं. जुन्या नायट्राइल रबराला हे मिश्रण नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगवतं आणि त्यातला मऊपणा देणारा घटक काढून घेतं. मग वाळलं की रबर कडक होतं, आकसतं, चिरतं. म्हणजे रिंग वाईट नव्हती. तिच्याभोवतीचं पेट्रोल बदललं होतं. आमच्या भाषेत, जुनी लायब्ररी तीच, ऑपरेटिंग सिस्टिम नवी.

चाचांनी फ्लुओरो रबराची रिंग आणि होज आणले. डुपाँने १९५७ मध्ये हे रबर व्हायटॉन नावाने बाजारात आणलं. ते इथेनॉल चांगलं सोसतं, पण थंडीत कडक होतं. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं ते अशाच रबराच्या ओ-रिंगमुळे. मुंबईच्या हवेत ती चिंता नाही!

कामाची पद्धत बघण्यासारखी होती. गाडी ढकलत उघड्यावर आणली. बॅटरीची तार काढली. मग टाकी रिकामी केली. चाचा म्हणाले, "भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीला जास्त घाबरायचं, आत वाफ असते." तळाशी पाव वाटीभर तांबूस पाणी निघालं. काट्याच्या युनिटखालची गॅस्केट हातात घेताच बिस्किटासारखी तुटली. वास तिथूनच येत होता. नवी बसवली, होज, क्लिपा बदलल्या, दोन लिटर घालून तासभर प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून बसलो. कागद कोरडाच राहिला.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ ला झाला. खाजगी पद्मिनी अजून आहेत, आणि बहुतेकींच्या टाकीत तीच जुनी रबरं असणार. तुमच्या घरी असली तर वासाची वाट बघू नका.

असो. काकांनी ते पाकीट फेकलं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय, आठवण म्हणून.