वेस्ट फिलीचं गॅरेज

मोटर मेकॅनिक ट्रेडला आलेल्या पोराची ओळख आपल्याकडे अजूनही त्याच्या दहावीच्या मार्कांवरून करून दिली जाते. मी आयटीआयमध्ये ही पोरं शिकवतो. म्हणून अमेरिकेतल्या वेस्ट फिलाडेल्फिया हायस्कूलच्या गॅरेजची हकिकत मला फार जवळची वाटते. गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीतली ती सरकारी शाळा. तिच्या ऑटो विभागाकडून कुणाच्या मोठ्या अपेक्षा नव्हत्या.

इंजिनिअरिंग सोडून शिक्षक झालेल्या सायमन हाऊगर यांनी 1998 मध्ये तिथे शाळा सुटल्यानंतरचा उपक्रम सुरू केला. आरंभ इलेक्ट्रिक गो-कार्टपासून झाला. पुढे मुलांनी थेट स्पोर्ट्स कारलाच हात घातला. स्लोव्हाकियातल्या कंपनीचं ‘अटॅक’ नावाचं किट घेतलं. मागची चाकं फोक्सवॅगनच्या टर्बो डिझेल इंजिनवर, पुढची इलेक्ट्रिक मोटरवर. इंधन बायोडिझेल.

या जुळणीतच खरं शिक्षण आहे. टर्बो दाब धरेपर्यंत डिझेल इंजिन जरा सुस्त असतं. मोटर मात्र जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. म्हणजे गाडी उचलायला मोटर, पळवायला इंजिन. पण मोटर आली की बॅटऱ्या आल्या, त्यांचं वजन आलं. ते कुठे बसवायचं? पुढच्या-मागच्या चाकांवर भार किती पडेल? गिअरचं गुणोत्तर किती ठेवायचं? फळ्यावर कंटाळवाणं वाटणारं गणित इथे पोरगं स्वतःहून मागायला येतं, कारण त्याशिवाय पुढचा बोल्ट कुठे मारायचा तेच ठरत नाही. थिअरी आधी आणि प्रॅक्टिकल नंतर, हा आपला क्रम मला म्हणूनच उलटा वाटतो.

ती गाडी गॅलनला 50 मैलांहून अधिक धावली. पर्यावरणपूरक गाड्यांच्या ‘टूर द सोल’ स्पर्धेत या शाळेने 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षं बाजी मारली.

मग आली ऑटोमोटिव्ह एक्स प्राइज. बक्षीस एक कोटी डॉलर, अट गॅलनला 100 मैलांची. शंभरावर संघ, त्यात शाळेचा हा एकच. 2010 मध्ये मिशिगनच्या ट्रॅकवर चाचण्या झाल्या. अंतिम फेरीआधीच मुलं बाहेर पडली, आणि बक्षीस मोठ्यांच्या संघांनी वाटून घेतलं. तरी माझ्या लेखी या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं पान. वय लहान म्हणून तिथे कुणी सूट दिली नाही. व्यावसायिक इंजिनिअरांच्या गाड्यांना जे निकष, तेच यांच्या गाड्यांना. शाळेतल्या कुठल्या परीक्षेत मुलांना इतक्या गांभीर्याने घेतलं जातं?

हाऊगर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी छोटा प्रयोग केला. त्यातूनच 2013 मध्ये ‘वर्कशॉप स्कूल’ ही सरकारी शाळा उभी राहिली. तिथे प्रकल्पाला शाळा सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. दिवसातले कितीतरी तास त्याचेच असतात, आणि गाड्यांचं काम वेळापत्रकातच आहे.