कोणता एल्फिन्स्टन?

मुंबईतली इंग्रजी नावं बदलली, असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९५ साली ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं ते इंग्रजीत. मराठीत आपण आधीपासून मुंबईच म्हणत होतो. शीवचं सायन, भायखळ्याचं बायकुला, हाही त्यातलाच प्रकार. मूळ नाव लोकांच्या तोंडी होतंच. एल्फिन्स्टनचं तसं नाही. ते माणसाचं नाव, आणि खरं तर माणसं दोन.

पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट, आणि पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो जाताना मुंबईकरांनी निधी जमवला, एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ त्यात आहे. दुसरा त्याचा पुतण्या, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. हा १८५३ ते १८६० गव्हर्नर, म्हणजे सत्तावनच्या उठावात खुर्चीवर होता तो. स्टेशन आणि फोर्टातलं सर्कल या पुतण्याच्या नावाचं. वाद झाला की आपण काकाची शाळा-कॉलेजं पुतण्याच्या खात्यावर जमा करतो, किंवा पेशवाई बुडवल्याचा राग त्याच्या स्टेशनावर काढतो!

बरं, बदल कसे झाले बघा. सर्कलला नाव मिळालं हॉर्निमनचं, म्हणजे पुन्हा इंग्रजाचंच. पण हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक, सरकारवर टीका केली म्हणून त्याच सरकारने १९१९ मध्ये त्याला हद्दपार केलं. आम्हाला हा बदल फार विचारी वाटतो. स्टेशनाचं मात्र जुलै २०१८ मध्ये ‘प्रभादेवी’ झालं. इथे एका पुढाऱ्याच्या जागी दुसरा आणला नाही. देवीच्या देवळावरून वस्तीला पडलेलं नाव पाटीवर आलं. तेही चांगलंच झालं.

फक्त एक अडचण. २९ सप्टेंबर २०१७ ला इथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली, वीसहून अधिक माणसं गेली. नाव बदलायची मागणी त्याआधीची, दोन्हींचा संबंध नाही. पण पाटी बदलली ती अपघातानंतर वर्षाच्या आत. आज ‘एल्फिन्स्टन’ म्हटलं की अनेकांना गव्हर्नर आठवत नाही, तो पूल आठवतो. म्हणून त्या दिवसाविषयी लिहिताना आपण स्टेशनाचं नाव ‘एल्फिन्स्टन रोड’ असंच लिहावं, आणि कंसात प्रभादेवी.