नदीचा ध्वनिनकाशा

नदीचा इतिहास आजवर मुख्यतः डोळ्यांनी लिहिला गेला. पूररेषा, घाट, पूल आणि धरणे हीच त्याची साधने राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही कलावंतांनी नदीला कान लावले. १९३९ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि १९७३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या संगीतकार ॲनिया लॉकवुड या त्यांतील अग्रणी होत.

साठच्या दशकाच्या अखेरीस लॉकवुड यांनी निरनिराळ्या नद्यांचे ध्वनी संग्रहित करण्यास आरंभ केला. वाहत्या पाण्याचा नाद मनाला निववतो, हा मानवाचा पुरातन अनुभव त्यामागे होता. १९७३-७४ मधील त्यांच्या एका रचनेच्या शीर्षकात गंगेचे नावही आढळते. पुढे १९८२ मध्ये यॉन्कर्स येथील हडसन नदी संग्रहालयासाठी त्यांनी हडसनचा ध्वनिनकाशा सिद्ध केला. ॲडिरॉन्डॅक पर्वतातील उगमापासून अटलांटिक महासागरापर्यंतचा प्रवास त्यात केवळ ऐकून घडतो. उतार, खडक, वाळू आणि काठ बदलले की पाण्याचा स्वर बदलतो. दगड वा धातूऐवजी नादाने अवकाश घडविणाऱ्या अशा निर्मितीस ध्वनिशिल्प म्हणणे उचित ठरेल.

परंतु ही नदी त्या काळी रुग्ण होती. १९४७ ते १९७७ या तीन दशकांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून पीसीबी नावाची विषारी रसायने तिच्या पात्रात सोडली गेली होती. १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने वरच्या प्रवाहात मासेमारीस बंदी घातली. १९८४ मध्ये नदीचा सुमारे २०० मैलांचा पट्टा शासनाच्या अतिदूषित स्थळांच्या यादीत आला. दूषित गाळ उपसण्याचे काम मात्र २००९ ते २०१५ या काळात झाले आणि त्यानंतरही तेथील मासे खाण्यावरील निर्बंध संपले नाहीत.

येथे एक कठोर सत्य सामोरे येते: विषाला आवाज नसतो. दूषित पाणीही खडकांवरून तितकेच मधुर खळाळते. मग अशा श्रवणाने नदी बरी होते काय? होत नाही. ती बरी होते कायद्याने, खर्चाने आणि दीर्घ चिकाटीने. तथापि ही चिकाटी आपुलकीवाचून टिकत नाही. लोकगायक पीट सीगर यांनी १९६६ मध्ये ‘क्लिअरवॉटर’ संस्था स्थापून १९६९ मध्ये शिडाची नौका हडसनमध्ये आणली, ती लोकांना नदीपाशी परत आणण्यासाठीच.

लॉकवुड यांनी पुढे डॅन्यूबचा आणि २०१० मध्ये हूसॅटॉनिकचा ध्वनिनकाशा केला. हूसॅटॉनिकच्या गाळातही तेच विष होते. डॅन्यूबकाठच्या माणसांना त्यांनी नदीविषयी बोलते केले: नदी तुमच्यासाठी काय आहे, तिच्यावाचून तुम्हाला जगता येईल का? काठावरच्या समाजाची नदीशी तुटलेली सोयरीक सांधण्याचे सामर्थ्य अशा प्रश्नांत आहे. श्रवण हा उपचार नव्हे; पण रुग्णाच्या उशाशी बसल्यावाचून उपचारास आरंभ होत नाही.